बर्फाचं मशीन आणि मागलं दार

बर्फाचं मशीन बिघडलं तेव्हा त्या घरात कुणाचंही काही अडलं नाही. माईचे दात थंड सोसत नव्हते. थोरल्याचा, म्हणजे तिच्या मुलाचा, घसा बर्फाच्या नुसत्या नावानं बसायचा. आणि सून बारा महिने कोमट पाणी पिणारी. बर्फाला बोट लावणारं माणूस घरात एक नाही, आणि बर्फावरून तीन आठवडे सासू-सुनेची जुंपलेली.

फ्रिज चांगला उंचापुरा होता. वरच्या कप्प्यात ते मशीन. नळाचं पाणी आपलं आपण घ्यायचं, आपलं आपण गोठवायचं, आणि दीड-दोन तासांनी खालच्या डब्यात खडे टाकायचं. खडखड, धप्प. दुपारी सगळे कामावर गेले, घर सामसूम झालं, की तो आवाज पार पुढच्या खोलीत माईच्या खुर्चीपर्यंत यायचा. डबा भरला की मशीन गप्प बसे. कुणी खडे उचलले तरच पुढचे टाकणार, असा त्याचा हिशोबी स्वभाव. म्हणून माई रोज सकाळी उठली की आधी डबा काढायची आणि सगळा बर्फ मागच्या कुंड्यांत ओतून यायची.

"माई, झाडं मरतील," सून म्हणे.

"झाडांना गारवा लागतो."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. अजून कोण म्हणायला हवंय?"

दोन झाडं मेलीसुद्धा. माईनं त्यांच्या जागी दुसरी लावली आणि बर्फ ओतणं चालू ठेवलं. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

आधी खडे पोकळ यायला लागले, अंड्याच्या कवचासारखे. मग सगळे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ. मग फ्रिजखालून पाणी वाहायला लागलं आणि सून फडकं घेऊन सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांवर. आणि शेवटी ते पाणीही थांबलं. मशीन मुकं झालं. माई दुपारभर खुर्चीत कान टवकारून बसायची आणि घड्याळाच्या टकटकीला शिव्या घालायची.

"नवा फ्रिज घेऊ या," सून म्हणाली. "साधा. बर्फाच्या भानगडीशिवाय."

"चालता-बोलता फ्रिज टाकायचा? अगं, एक दात दुखला म्हणून कुणी कवळी बसवतं का?"

"दहा वर्षं झाली त्याला."

"मला पंचाहत्तर झाली. मला कधी टाकताय?"

सून एरवी इथं गप्प व्हायची. पण या वेळी हटेना. रोज कुठल्या ना कुठल्या दुकानाचा कागद आणून टेबलावर ठेवी. मिस्त्री बोलवू म्हटलं की तिचा चेहरा पडे. "उगाच उघडून ठेवतील, आणखी बिघडवतील, नकोच ते." माईला वाटलं, बाईला नव्याची हाव सुटली. सुनेच्या मनात काय आहे ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर पोटात एक आणि ओठांत एक माईचंही होतं. फ्रिज तिनं घेतलेला नव्हता, थोरल्यानंही नाही. तो आणला होता धाकटीनं, म्हणजे तिच्या लेकीनं, आपल्या पहिल्या पगारातून. आणि ते मशीन तिनं स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. सिंकखालून भिंतीच्या कडेकडेनं पाण्याची नळी आणली, भोक पाडलं, जोडली, आणि ओट्यावर चढून बसली. पहिला बर्फ पडायला साडेतीन तास लागले. पडला तसा मूठभर उचलून तोंडात टाकला, आणि कुडुमकुडुम चावत म्हणाली, "माई, ऐक. हा माझा आवाज."

लहानपणापासून तिला बर्फ चावायचं वेड. माई ओरडायची, दात पडतील. दात काही पडले नाहीत. पोर मात्र फ्रिज आणि गारव्याच्या यंत्रांचं काम शिकून आली, आधी काही वर्षं दुकानात बसून नोकरी केली, आणि एक दिवस खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून कामाला निघाली. माईचं डोकं फिरलं. तिच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. आणि आता तिची लेक लोकांच्या फ्रिजखाली उताणी पडणार!

"लोकांच्या घरात मागल्या दारानं शिरणार तू? गड्यासारखी?"

"पुढच्या दारानं जाईन. बेल वाजवून."

"तसल्या कामाला पुढचं दार कुणी उघडत नाही. आणि तू ही पिशवी घेऊन गेलीस तर या घराचंही उघडायचं नाही."

शब्द तोंडातून गेला. धाकटी पिशवी घेऊन गेली. या गोष्टीला साडेचार वर्षं झाली. ती याच गावात, चार-पाच बसथांब्यांवर राहते, एवढं माईला बाहेरून कळलं होतं. माईनं बोलावलं नाही, ती आली नाही. दोघींच्या हट्टाचा साचा एकच, सुटेल कसा? कुणी मुलंबाळं किती म्हणून विचारलं, तर माई मान ताठ करून सांगायची, "एक. मुलगा." आणि घरी येऊन कान लावून बसायची. खडखड, धप्प.

आता तेही गेलं.

शेवटी एका मंगळवारी, सून दूध आणायला गेलेली पाहून, माईनं कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात फोन केला आणि फ्रिजवाल्याला बोलावून घेतला. सून पिशवी घेऊन परत आली तर स्वयंपाकघरात एक पन्नाशीचा, ढेरपोट्या माणूस स्टुलावर उभा. फ्रिजमधलं सगळं सामान ओट्यावर.

"हे काय!" सून दारातच थबकली.

"फ्रिजवाला आहे. चोर नाही. चोर असता तर स्टूल मागितलं नसतं."

"अहो दादा, राहू द्या. आम्ही नवाच घेतोय."

"आजी म्हणाल्या, बघ. मी बघतोय," फ्रिजवाला म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस? तुझेच निम्मे पांढरे झालेत."

तो हसला आणि कामाला लागला. हात सावकाश, पण जाणता होता. फ्रिज पुढं ओढून त्यानं मागं टॉर्च मारला. पाण्याच्या नळीवरून बोट फिरवत सिंकपर्यंत गेला आणि तिथंच उकिडवा बसून राहिला.

"हे कुणी बसवलंय?"

"का? चुकलंय?" माईचा आवाज उगाचच चढला.

"चुकलंय? अहो, तीस वर्षं हेच करतोय मी. नळीला कुठं मुरड नाही, दर हातभर अंतरावर चिमटा, भिंतीतल्या भोकाला रबराची कड. आमच्यातले लोक मागं कुणी बघत नाही म्हणून कसंही ढकलून देतात. हे जिथं दिसत नाही तिथं सुबक केलंय. हात आहे बुवा!"

माईनं पदर सारखा केला. पदर सारखाच होता.

मग त्यानं मशीन सोडवून ओट्यावर आणलं, उलटंसुलटं केलं, दात्यांचं चाक फिरवून पाहिलं. "चाक झिजलंय. पाणी सोडणारा व्हॉल्वही थकलाय. आता ऐका. हे मॉडेल बंद झालंय, सुटे भाग मिळत नाहीत. नवं मशीन बसवता येईल, पण ते या फ्रिजचं नाही, जरा बळजबरीनं बसेल. नाहीतर फ्रिजच बदला."

"बघा!" सून म्हणाली.

"आणि हेच दुरुस्त केलं तर?"

"जुन्या फ्रिजमधून भाग काढून घालता येतात. पण मग आजी, हे लाडकं बाळ होणार. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येऊन बघायला लागणार. नवं घेतलंत तर दहा वर्षं कुणी यायला नको, की बघायला नको."

माईनं ते शब्द मनात एकदा घोळवले. कुणी यायला नको. दहा वर्षं.

"तसं इतके दिवस हे चाललंच कसं, याचंच नवल वाटत होतं," फ्रिजवाला बोलतच होता. "पण इथं आत बघितलं आणि कळलं. तुमचा माणूस नेमानं येत होता ना."

"कुठला माणूस?"

"हा काय." त्यानं मशीनचं झाकण उलटं करून धरलं. "आमच्यात पद्धत असते. ज्यानं उघडलं त्यानं आत तारीख टाकायची, म्हणजे पुढच्याला कळतं. बघा, पहिली बसवल्याची. मग दर सहा महिन्यांनी. चाकाला वंगण, फिल्टर नवा. शेवटची मात्र..." त्यानं बोटं मोजली, "अकरा महिन्यांपूर्वीची. इथं खाडा झाला, म्हणून बिघडलं. त्यालाच बोलवा की. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

सुनेच्या हातातली दुधाची पिशवी ओट्यावर ठेवताना कलंडली. कुणी सावरली नाही.

"आण इकडं," माई म्हणाली.

अक्षरांशी माईचं कधी जमलं नाही. दुसरीत शाळा सुटली, ती सुटली. पण आकडे ती ओळखायची. चष्मा लावून तिनं झाकण खिडकीशी नेलं. काळ्या शाईत एकाखाली एक ओळी, वरच्या फिकट, खालच्या गडद. आणि बऱ्याच ओळींत कुठं ना कुठं आठाचा आकडा. जगातली माणसं आठ एका झटक्यात, वळण देऊन काढतात. हे आठ तसे नव्हते. आधी एक वाटोळं, त्याच्या डोक्यावर दुसरं वाटोळं, मडक्यावर मडकं ठेवल्यासारखं. असा आठ जगात दोनच बायका काढत होत्या. एक माई, कारण तिला तसाच आला. आणि दुसरी, जिला माईनं पाटीवर हात धरून शिकवला. शाळेतल्या बाईंनी पुढं तो खोडून नीट गिरवायला लावला, तर पोरगी म्हणाली होती, "माझ्या आईचा आठ असाच असतो."

माईनं ओळी मोजल्या. पहिली सोडून अठरा. त्यातल्या सात धाकटी घर सोडून गेल्यानंतरच्या.

"फ्रिजवाल्या, तू आता जा," माई म्हणाली. "येण्याचे काय ते सून देईल. मशीन असंच राहू दे."

"मग दुरुस्ती की नवं?"

"ते ठरवणारं माणूस वेगळं आहे."

तो गेला. सून दूध पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

"बोल," माई म्हणाली.

"काय बोलू?"

"माझ्या घरात सात वेळा माणूस येऊन जातं आणि मला पत्ता नाही. मी काय मेले होते?"

"गुरुवारी यायच्या वन्सं," सून खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही गुडघ्यांच्या व्यायामाला जाता ना, तेव्हा. मागल्या दारानं. तासाभराचं काम. बर्फाचा एक खडा तोंडात टाकायच्या आणि जायच्या. तुमच्या खुर्चीत बसायच्या थोडा वेळ. माझ्याकडून शपथ घेतली होती."

"थोरल्याला माहीत आहे?"

"त्यांना फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही माहीत नाही."

दुसऱ्या वेळी माई यावर हसली असती.

"म्हणून तुला नवा फ्रिज हवा होता. झाकण कुणी उघडू नये म्हणून."

सुनेनं मान हलवली.

"मग अकरा महिन्यांपूर्वी काय झालं? पिशवी जड झाली?"

"सांगू नका म्हणाल्यात."

"ती म्हणाली. मी सांग म्हणतेय. या घरात कुणाचं चालतं?"

सुनेनं फडकं पिळलं. "त्या गुरुवारी तुमचा व्यायाम रद्द झाला. तुम्ही लवकर आलात. वन्सं मागच्या पडवीत हात धूत होत्या. तुमच्याबरोबर व्यायामाच्या वर्गातल्या त्या नव्या बाई होत्या, आठवतंय? पाणी प्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, मुलं किती तुम्हाला. आणि तुम्ही..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. माईला तो आपलाच आवाज ऐकू आला. ताठ, खणखणीत, पडवीपर्यंत नीट पोचणारा. एक. मुलगा.

"मी नंतर खूप वेळा बोलावलं," सून म्हणाली. "म्हणाल्या, ज्यांना एकच मूल आहे त्यांच्याकडं माझं काय काम."

माई आपल्या खुर्चीत जाऊन बसली. साडेचार वर्षं ती त्या खुर्चीत पोरीचा आवाज ऐकत होती, आणि पोरगी दर सहा महिन्यांनी येऊन तो आवाज चालू ठेवून जात होती. आपण कान लावून बसलो, आणि तोंड मात्र भलतीकडंच चालवलं. खुर्चीच्या हातावर तिनं तळवा टेकवला. इथंच तीही टेकवत असेल.

दुपार झाली. घड्याळ टकटकलं. माईनं त्याला शिवी घातली नाही.

"अगं ए," तिनं हाक मारली, "तिचा नंबर लाव. आणि तू मागं जा, कुंड्यांना पाणी घाल. साधं."

सुनेनं नंबर लावून फोन हातात दिला. चार वेळा घंटी वाजली. माईला वाटलं, उचलणार नाही. तिला वाटलं, न उचलला तर बरं. तेवढ्यात उचलला. मागं कसली तरी मोठी मोटार घरघरत होती.

"हॅलो, कोण?"

माईनं दुपारभर घोकून ठेवलेलं सगळं कुठल्या कुठं पळालं. जीभ टाळ्याला चिकटली. जन्मात तिची जीभ अशी चिकटली नव्हती.

"कोण बोलतंय?"

"दोन मुलांची आई," माई म्हणाली.

पलीकडं मोटार घरघरत राहिली. मग कुणीतरी ती बंद केली.

आता आधी कोण बोलणार? दोघीही पट्टीच्या. शेवटी पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला. "काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"मी बरी आहे. तुझं मशीन बरं नाही."

"काय होतंय?"

"मुकं झालंय."

"आधी खडे पोकळ यायचे का?"

"पोकळ. मग ढेकूळ. मग पाणी."

"चाक गेलं असणार. आणि व्हॉल्व." धाकटीचा आवाज एकदम सरळ झाला, कामावरच्या माणसासारखा. माईनं तिचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. चांगला होता. ऐकत राहावा असा. "माई, ते जुनं झालंय. भाग मिळत नाहीत आता. बदलून टाक. मी दुकान सांगते, ते येऊन बसवून देतील. पुन्हा बघायला नको."

"बदलू की दुरुस्त करू, हे मी तुला विचारलंच नाही."

"मग?"

"दुरुस्त करायचं ठरलंय. फ्रिजवाला म्हणाला, दर दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी यावं लागेल. मी म्हटलं, हेच बरं. लवकर उरकणारं काम मला नको."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. पोरगी लहानपणी पांघरुणात तोंड घालून रडायची, तेव्हा असाच यायचा. माई वाट बघत राहिली. वाट बघायची तिला आता सवय झाली होती.

"बरं," धाकटी म्हणाली. "शोधते भाग कुठं. गुरुवारी येईन." आणि मग जरा चाचरत, "गुरुवारी तू..."

"ठाऊक आहे मला, गुरुवारी मी काय करते ते. या गुरुवारी माझे गुडघे दुखत नाहीत."

"हं."

"आणि पुढच्या दारानं ये. पिशवी घेऊन. बेल वाजवून."

गुरुवारी माई पहाटेच उठली. घराबाहेरचं पायपुसणं झटकलं, परत झटकलं. पुढच्या दाराची कडी काढून ठेवली आणि खुर्ची दाराकडं तोंड करून फिरवून घेतली. सुनेनं पातेलंभर चहा टाकला आणि फ्रिजचा वरचा कप्पा कोरडा पुसून ठेवला. मशीन ओट्यावर फडक्यावर मांडलेलं, शेजारी झाकण, आकडे वर करून. खालच्या ओळीखाली एका ओळीपुरती जागा शिल्लक होती. माईनं ती आदल्या दिवशीच पाहून ठेवली होती.

दहा वाजले, एरवी व्यायामाला निघायची वेळ. बेल वाजली नाही. सव्वादहा. माईनं मनातल्या मनात पोरीला शिव्या द्यायला सुरुवात केली, निम्म्यात थांबली. आली नाही तर? शब्द आपला होता, दार आपलं होतं, आता कुणाला काय सांगणार?

तेवढ्यात आवाज आला. पुढून नाही. मागून. मागच्या पडवीत पावलं, आणि दारावर बोटाचं पेर दोनदा वाजलं, हळूच, घरातल्या कुणाला कळू नये असं.

सून उठायला लागली. माईनं हातानं तिला बसवलं.

"कोण आहे ते?" ती खुर्चीतूनच ओरडली. साडेचार वर्षांत एवढ्या जोरानं ती ओरडली नव्हती. "सवय लागली की काय चोरट्यासारखी? मागलं दार बंद आहे! पुढून ये!"

मग पडवीत कुणीतरी हसलं, नाक ओढत हसलं. जड पिशवीतली हत्यारं खणखणली. पावलं वळली आणि घराच्या कडेनं चालू लागली. न्हाणीघराची भिंत, मग खिडकी, मग पायरी.

माई उठली. गुडघे कुरकुरले.

"गप्प बसा रे," ती त्यांना म्हणाली. "आज तुमचा गुरुवार नाही."